विज्ञानाधारित पटखेळाची रचना

विज्ञानाधारित पटखेळ म्हणजे पट, सोंगट्या, पत्ते किंवा फासे यांच्या साहाय्याने खेळला जाणारा असा बैठा खेळ, की ज्याच्या नियमांत एखाद्या नैसर्गिक प्रक्रियेचे प्रारूप गुंफलेले असते. पुठ्ठा, कागद, चिंचोके, कवड्या अशा घरगुती साहित्यातून तो तयार करता येतो. शाळा, वाचनालये व विज्ञान मंडळे यांत त्याचा अध्यापनाचे साधन म्हणून उपयोग होतो. विज्ञानावरील प्रश्नमंजूषेला पटाचे रूप दिलेले खेळही सैलपणे याच नावाने ओळखले जातात. मात्र या दोहोंत मूलभूत फरक आहे आणि घरी खेळ रचणाऱ्याचा पहिला निर्णय त्या फरकाशीच निगडित असतो.

या लेखात रचनेची तत्त्वे सांगून, उदाहरणादाखल जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावाच्या भूजलावर आधारलेला एक पट मांडून दाखविला आहे. (सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव वेगळे.)

स्वरूप

शालेय प्रदर्शनांत आढळणारा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे सापशिडीच्या पटावर चिकटविलेले विज्ञानाचे प्रश्न. सोंगटी शिडीच्या घरात आली की ‘प्रकाशसंश्लेषणासाठी कोणता वायू लागतो?’ असे विचारायचे, उत्तर बरोबर आले तर वर जायचे. हा खेळ करायला सोपा असतो व मुलांना आवडतोही. परंतु त्यातले विज्ञान खेळाच्या बाहेर राहते. तोच पट इतिहासाच्या किंवा व्याकरणाच्या प्रश्नांनीही तितकाच चालतो. शिवाय जिंकणे बव्हंशी फाशावर अवलंबून असल्याने ज्याला सर्व उत्तरे येतात तो मागे राहू शकतो आणि ज्याला एकही येत नाही तो पुढे जाऊ शकतो.

यावरून एक साधी कसोटी काढता येते. खेळातील सर्व प्रश्न व माहितीपत्रे काढून टाकावीत आणि उरलेल्या नियमांनी खेळून पाहावे. विज्ञान शिल्लक राहिले तर खेळ खऱ्या अर्थाने विज्ञानाधारित, नाही राहिले तर ती पटावरची परीक्षा. दुसरी कसोटी अधिक कडक आहे : विषय ज्याला कळला आहे त्याची खेळी न कळलेल्यापेक्षा चांगली होते काय?

‘फोटोसिंथेसिस’ (२०१७) हा वृक्षांवरील खेळ या कसोट्यांना उतरतो. त्यात सूर्य पटाभोवती सहा ठिकाणी फिरतो. लहान झाडाची सावली एक घर, मध्यम झाडाची दोन घरे व मोठ्या झाडाची तीन घरे पडते, आणि तेवढीच किंवा कमी उंची असलेले सावलीतले झाड प्रकाशाचे गुण गमावते. कोठेही प्रश्न विचारलेला नाही. तरीही दोन डावांत खेळाडू प्रकाशासाठी चाललेली झाडांची स्पर्धा ओळखून बी पेरू लागतात.

पूर्वपीठिका

नियमांतून तत्त्व शिकविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट हा तिचा सर्वपरिचित नमुना होय. कर्तृत्वाची ही परंपरा श्रद्धेची आहे; समकालीन पुरावा तिला नाही. पश्चिम व उत्तर भारतात याच कुळातील पट ज्ञानचौपड या नावाने खेळले जात. त्यांत वैष्णव पट बहुधा ७२ घरांचा, तर जैन पट ८४ घरांचा असे. प्रत्येक घराला गुणाचे, दोषाचे किंवा लोकाचे नाव असे, आणि कोणत्या दोषाने कोठवर घसरण होते हे सापाच्या लांबीवरूनच कळे. म्हणजे येथे शिकवण प्रश्नांत नसून पटाच्या आखणीतच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, तेथे त्याची घरे हळूहळू नावांऐवजी नुसत्या आकड्यांची झाली आणि आज दुकानांत मिळते ती सापशिडी उरली. आशय गळून गेलेल्या त्याच पटावर आपण पुन्हा प्रश्न चिकटवून शिक्षण आणू पाहतो, हे थोडे चमत्कारिक आहे.

युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मुलांसाठी ज्ञानवर्धक पट छापले जात. लंडनच्या जॉन वॉलिस याने १८०४ मध्ये खगोलशास्त्रावरील ३५ घरांचा पट प्रसिद्ध केला. त्याचे शेवटचे घर ग्रिनिचच्या वेधशाळेचे होते. अशा खेळांत फाशाऐवजी आकडे लिहिलेली भिंगरी वापरीत, कारण फासा म्हटला की सभ्य घरांत जुगाराची आठवण होई. हे पट माहिती देत. प्रक्रिया मात्र क्वचितच दाखवीत.

नियमांतून सिद्धान्त मांडण्याचे ठळक आधुनिक उदाहरण विज्ञानाचे नसून अर्थशास्त्राचे आहे. अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे एकस्व मिळविले. जमिनीच्या भाड्यातून संपत्ती मोजक्या हातांत कशी साठते हे खेळाडूला स्वतःच्या हरण्यातून कळावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे त्यातूनच ‘मोनोपॉली’ निघाला आणि मूळ हेतू उलटा झाला.

अलीकडच्या खेळांपैकी साथीच्या रोगांवरील ‘पँडेमिक’ (२००८) व पक्ष्यांवरील ‘विंगस्पॅन’ (२०१९) हे प्रसिद्ध आहेत. ‘पँडेमिक’मध्ये एखाद्या शहरावर रोगाचे तीन ठोकळे असताना चौथा ठेवण्याची वेळ आली, की तो न ठेवता रोग जोडलेल्या सर्व शहरांत पसरतो. साथीचा उद्रेक एकाएकी का होतो हे समजावण्यास एवढा एक नियम पुरतो. घरी खेळ रचणाऱ्याने या खेळांची रंगीत पत्ते-चित्रे पाहून दबून जाऊ नये. त्यांतला असा एखादा नियम तेवढा उचलून तपासावा.

प्रक्रियेची निवड

‘विज्ञान’ किंवा ‘पर्यावरण’ हा खेळाचा विषय होऊ शकत नाही. एखादी प्रक्रिया होऊ शकते. निवडलेल्या प्रक्रियेत तीन गोष्टी असाव्या लागतात : साठणारी किंवा बदलणारी एखादी राशी, ती राशी कमी-जास्त करणारी कारणे, आणि खेळाडूला खरोखर पेचात टाकणारा निर्णय. पाणी, ऊर्जा, बियाणे, रोगजंतू, सावली, उष्णता हे विषय या दृष्टीने सोयीचे आहेत. मूलद्रव्यांची नावे किंवा शास्त्रज्ञांची चरित्रे यांत निर्णय नसतो, म्हणून त्यांचे पत्त्यांचे स्मरणखेळ चांगले होतात, पटखेळ होत नाहीत.

निर्णयाचा पेच हा कणा होय. ज्या खेळात प्रत्येक वेळी एकच खेळी उघडपणे उत्तम असते तो खेळ नसून कवायत असते.

नियम लिहिताना प्रत्येक नियमापुढे ‘हे निसर्गात कशामुळे घडते?’ याचे उत्तर एका वाक्यात लिहिण्याची सवय उपयुक्त ठरते. ज्या नियमापुढे उत्तर लिहिता येत नाही तो केवळ सोयीचा नियम. असे नियम दोन-तीनच असावेत.

चुकीचे विज्ञान शिकविणारे पट

खेळाडू नियम विसरत नाहीत. म्हणून चुकीचा नियमही पक्का बसतो. उत्क्रांतीचा पट शिडीसारखा आखून शंभराव्या घरात मनुष्य बसविण्याची पद्धत फार रूढ आहे. तिच्यामुळे अमीबा, मासा, बेडूक, माकड व माणूस अशी एकच चढती रांग असल्याची आणि निसर्गाचे काही गंतव्य असल्याची समजूत होते. वास्तविक उत्क्रांती फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखी असते, आणि आजचा बेडूक आजच्या माणसाइतकाच उत्क्रांत आहे. खेळाडूने आपल्या प्राण्याला ‘लांब मान’ विकत घ्यावी असा नियम असेल तर इच्छेने गुण मिळतात असे ठसते. त्याऐवजी गुण आंधळेपणाने उचलावे लागावेत व निवड परिस्थितीने करावी, हे सत्याच्या जवळ जाते.

सापाचेही तसेच. पर्यावरणाच्या पटावर प्रदूषणाला साप म्हणून दाखविणारे शिक्षक पुढच्याच तासाला साप उंदीर खाऊन धान्य वाचवितो असे शिकवितात.

यदृच्छेचे साधन

फासा हा केवळ गंमत म्हणून घालायचा नसतो. निसर्गात जेथे अनिश्चितता आहे तेथेच तो घालावा, आणि ती किती आहे त्यानुसार साधन निवडावे. एका फाशात १ ते ६ हे आकडे समान शक्यतेने येतात. दोन फाशांची बेरीज घेतली तर ३६ प्रकारांपैकी ७ सहा प्रकारांनी, परंतु २ किंवा १२ प्रत्येकी एकाच प्रकाराने येते. पाऊस, उंची, उत्पादन अशा राशींत मधली मूल्ये वारंवार व टोकाची क्वचित आढळतात. तेथे दोन फासे योग्य.

मराठवाड्यातील घरांत फाशाचे काम फोडलेले चिंचोकेही करीत आले आहेत. चिंचोका उभा फोडला की आतली बाजू पांढरी व बाहेरची तपकिरी राहते. अशा चार फाका टाकल्या व प्रत्येक फाक पांढरी पडण्याची शक्यता निम्मी धरली, तर शून्य, एक, दोन, तीन, चार पांढऱ्या येण्याचे प्रमाण सोळांत अनुक्रमे १, ४, ६, ४, १ असे येते. चार कवड्यांच्या खेळात चारही उताण्या पडल्यास चार व चारही पालथ्या पडल्यास आठ मोजण्याची रूढी आहे. दुर्मिळ दानाला मोठे मोल देण्याचा हा जुना हिशेब आहे. प्रत्यक्षात चिंचोक्याची फाक एका बाजूने फुगीर असल्याने शक्यता नेमकी निम्मी नसते. म्हणून खेळापूर्वी एकच फाक शंभर वेळा टाकून नोंद करावी. हा स्वतंत्र प्रयोगच आहे आणि तो मुलांनी करावा.

मातीचा किंवा खडूचा घरी केलेला फासाही असाच तपासावा. साठ वेळा टाकल्यावर प्रत्येक आकडा सुमारे दहा वेळा येणे अपेक्षित असते. सात किंवा तेरा वेळा आला म्हणून फासा खोटा ठरत नाही, परंतु एखादा आकडा वीस वेळा आला तर तो घासून पुन्हा करावा.

साहित्य

पटासाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, वह्यांचे पुठ्ठे किंवा खोक्याचा पुठ्ठा चालतो. रेघा आखून झाल्यावर त्यावर चिकटपट्टी लावली तर पट वर्षभर टिकतो. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत फरशीवर शैक्षणिक आकृत्या रंगविण्याची पद्धत रूढ झाली आहे. तेथे पटही फरशीवरच रंगविता येतो. जागा आपली आहे तोवर ही पद्धत जुनीच म्हणायची, कारण महाराष्ट्रातील लेणी, किल्ले व मंदिरांच्या ओट्यांवर कोरलेले खेळपट आजही दिसतात.

सोंगट्यांसाठी बाटल्यांची झाकणे, गुंड्या, सीताफळाच्या बिया, चिंचोके वापरावेत. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गुंजा दिसायला सुंदर असल्या तरी चावल्यास अत्यंत विषारी असतात. एरंडीच्या बियांचेही तसेच. जालना हे बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र असल्याने शेतकरी घरांत पाकिटातले गुलाबी, हिरवे वा निळे बियाणे सहज सापडते. त्या रंगासोबत बहुधा कीडनाशक किंवा बुरशीनाशक चढविलेले असते. असे बियाणे मुलांच्या हाती सोंगटी म्हणून देऊ नये.

उदाहरण : विहिरींचा पट

जाफ्राबाद तालुका गोदावरीची उपनदी असलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात येतो. जमिनीखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम व भेगाळ किंवा सच्छिद्र खडक आणि त्याखाली बहुधा अभंग काळा पाषाण अशी रचना सामान्यतः आढळते. विहिरीचे पाणी मुख्यत्वे मधल्या थरात साठते. हा जलधर गाळाच्या प्रदेशांतील जलधरांच्या तुलनेने उथळ व लहान असतो. चांगल्या पावसात लवकर भरतो आणि उपशाने लवकर रिकामा होतो. जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलीमीटर आहे. एका हेक्टरवर तेवढा पाऊस पडला म्हणजे ७,००० घनमीटर, अर्थात ७० लाख लिटर पाणी पडते. मात्र त्याचा मोठा भाग वाहून किंवा बाष्परूपाने जातो व खडकात थोडाच मुरतो.

जालना जिल्हा मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. बाग वाचविण्यासाठी विकतच्या टँकरचे पाणी घालणारे आणि शेवटी कुऱ्हाड लावणारे शेतकरी जिल्ह्याने पाहिले आहेत. ज्या मुलांच्या घरी हे घडले त्यांना जलचक्राची आकृती पाठ असते. आपली विहीर व शेजाऱ्याची विहीर यांच्याखाली पाणी एकच आहे, हे मात्र आकृतीत दिसत नाही. पटावर ते दाखविता येते.

खेळाडू चार. प्रत्येकाचे एक शेत व एक विहीर. पटाच्या मध्यभागी सर्वांची मिळून एक वाटी; ती म्हणजे जलधर. वाटीत मक्याचे २४ दाणे ठेवावेत. ३० पेक्षा अधिक दाणे तीत राहू शकत नाहीत, कारण खडकातील पोकळी मर्यादित असते आणि वरचे पाणी ओढ्याने निघून जाते. प्रत्येकाजवळ आरंभी सहा नाणी असतात. एक फेरी म्हणजे एक वर्ष.

वर्षारंभी दोन फासे टाकून पाऊस ठरतो. बेरीज २ ते ४ आल्यास दुष्काळ, वाटीत २ दाणे. ५ ते ९ आल्यास साधारण पाऊस, ६ दाणे. १० ते १२ आल्यास अतिवृष्टी, परंतु दाणे ८ च, कारण जोराचा पाऊस मुरण्यापेक्षा वाहतो अधिक. छत्तीस प्रकारांपैकी सहा दुष्काळाचे, चोवीस साधारण व सहा अतिवृष्टीचे असल्याने सहा वर्षांत सरासरीने ३४ दाणे जमा होतात. हा आकडा आरंभी मुलांना सांगू नये.

त्यानंतर प्रत्येकजण आपले पीक लपवून ठरवितो व सर्वजण एकदम उघड करतात. जिरायत तुरीला वाटीतला दाणा लागत नाही; उत्पन्न दोन नाणी, दुष्काळात एक. संरक्षित पाण्याच्या कापसाला एक दाणा लागतो. उत्पन्न तीन नाणी, पाणी न मिळाल्यास एक. मोसंबीला लागवडीपासून दरवर्षी तीन दाणे लागतात. पहिली दोन वर्षे काहीच मिळत नाही, तिसऱ्या वर्षापासून आठ नाणी. एखाद्या वर्षी तीन दाणे मिळाले नाहीत तर बाग जळते आणि पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. झाड एक हंगाम उपाशी राहू शकत नाही, पेरणीचे पीक मात्र बदलता येते. फळबागेचा खरा धोका याच नियमात आहे.

दाणे घेण्याचा क्रम दरवर्षी एकाने पुढे सरकतो. पाच नाणी देऊन बोअर घेता येते. बोअरवाला सर्वांच्या आधी दाणे घेतो. बोअर घेतल्याने वाटीत एकही दाणा वाढत नाही. हा नियम पटावर सर्वांत जास्त भांडणे लावतो, आणि ती लागू द्यावीत.

चौघांनी पहिल्याच वर्षी मोसंबी लावली तर वर्षाला १२ दाणे जातात. सरासरी पाऊस धरला तर तीन वर्षे सर्व बागा तगतात, तिसऱ्या वर्षी सर्वांच्या हाती आठ-आठ नाणी पडतात, आणि चौथ्या वर्षी एका बागेला पाणी पुरत नाही. पाचव्या वर्षी दुसरी जळते. मधले दुष्काळी वर्ष लवकर आले तर हे सारे त्याआधीच घडते. एक बाग व तीन कापूस असे धरल्यास सहा वर्षांत ३६ दाणे लागतात, म्हणजे जमेच्या जवळपास. चार शेतांत दरवर्षी एकच बाग पाण्याला परवडते. ती कोणाची असावी, तिचे उत्पन्न वाटायचे की पाळीने लावायची, याला पटावर उत्तर नाही. ते खेळाडूंनी शोधायचे असते.

सर्वांनी मिळून सहा नाणी दिल्यास एक बंधारा बांधता येतो. बंधारा झाल्यावर साधारण पावसात ६ ऐवजी ७ व अतिवृष्टीत ८ ऐवजी ११ दाणे पडतात. दुष्काळात मात्र २ च, कारण अडवायला पाणीच नसते. सहा वर्षांची जमा ३४ वरून ४१ होते. वाढलेले सात दाणे मोठे आहेत, परंतु एका बागेला सहा वर्षांत अठरा लागतात. बंधारा झाला की दुसरी बाग लावावीशी वाटते आणि तेथेच गणित चुकते. जालना जिल्ह्यातील कडवंची आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावांची पाणलोटाची कामे नावाजलेली आहेत. हिवरे बाजारने पाणी अडविण्याबरोबरच दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला व पिकांवर आणि सिंचनाच्या बोअरवर निर्बंध घातले, हे खेळानंतर सांगितले तर मुले कान देऊन ऐकतात; खेळाआधी सांगितले तर तो आणखी एक परिच्छेद ठरतो.

वरील मापे नमुन्यादाखल आहेत, मोजलेली नाहीत. गावात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर असल्यास तिच्या पातळीच्या नोंदी, अथवा शाळेने स्वतः दर महिन्याला दोरीने मोजलेली विहिरीची खोली, यांवरून दाण्यांची संख्या बदलून पट गावाच्या जवळ आणता येतो.

अशा प्रकारच्या खेळांचा मोठ्या माणसांवरही प्रयोग झाला आहे. ‘फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी’ ही संस्था व आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था यांनी आंध्र प्रदेशातील गावांत शेतकऱ्यांसोबत पीकनिवडीचा भूजलखेळ खेळविला. त्यावरील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, खेळ झालेल्या गावांत पाण्याच्या नोंदवह्या ठेवण्याचे व वापराचे नियम करण्याचे प्रमाण अधिक आढळले.

चाचणी

कागदावर नीट दिसणारा खेळ पहिल्या डावात हमखास अडखळतो. पहिला डाव रचणाऱ्याने एकट्याने चारही खेळाडूंच्या वतीने खेळावा, दुसरा घरच्यांसोबत, आणि तिसऱ्या डावाच्या वेळी नियम लिहून देऊन स्वतः गप्प बसावे. गप्प बसणे अवघड असते. पण ज्या ठिकाणी खेळाडू ‘आता काय करायचे?’ म्हणून वर पाहतात, तेथेच नियम अपुरा आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

वरील पटातील एक दोष हिशेबातच सापडतो. खेळ दहा वर्षांनी संपणार हे आधीच ठाऊक असेल, तर दोन बागा व दोन कापूस ही उधळपट्टीही सरासरी पावसात दहा वर्षे जेमतेम निभावते. वर्षाला आठ दाणे जातात, सुमारे पावणेसहा येतात, आणि चोवीस दाण्यांची शिल्लक नेमकी दहाव्या वर्षी संपते. चतुर मुले हे ओळखतात व वाटी रिकामी करून जिंकतात. गावाला मात्र अकरावे वर्ष असते. म्हणून दहाव्या फेरीपासून दरवर्षी एक फासा टाकावा आणि एक आला तरच खेळ संपवावा. शेवट अनिश्चित झाला की वाटीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

नियम एका वेळी एकच बदलावा व बदलाची तारखेसह नोंद ठेवावी. पाच नियम एकदम बदलले तर खेळ कशामुळे सुधारला वा बिघडला हे कळत नाही. प्रयोगात एकच घटक बदलण्याचा जो दंडक विद्यार्थी वहीत लिहितात तोच येथे लागू होतो.

वर्गातील वापर

एका पटावर चौघे खेळतात, म्हणून चाळीस मुलांच्या वर्गाला दहा पट लागतात. एक सुबक पट प्रदर्शनात ठेवण्यापेक्षा दहा ओबडधोबड पट करणे केव्हाही श्रेयस्कर. एका तासिकेत पूर्ण खेळ होत नाही. पहिल्या तासाला नियम व चार वर्षे, दुसऱ्या तासाला उरलेला डाव आणि चर्चा अशी विभागणी करावी.

प्रत्येक गटाने दरवर्षाच्या शेवटी वाटीतले दाणे मोजून आलेखकागदावर बिंदू मांडावा. दहाही गटांचे आलेख फळ्याशेजारी लावले की पाऊस व उपसा यांचा संबंध नजरेत भरतो. एकाच नियमांनी खेळलेले दोन गट अगदी निराळ्या ठिकाणी का पोहोचले, हा प्रश्न मुलेच विचारतात. त्यात पावसाचा वाटा किती व निर्णयांचा किती, हे वेगळे करून पाहणे हा चर्चेचा गाभा होय. ज्या घरात बाग जळाली आहे त्या मुलाला त्याच्या घरच्या निर्णयावरून वर्गात प्रश्न विचारू नयेत. चर्चा वाटीपुरतीच ठेवावी.

प्रारूपाच्या मर्यादा व स्थानिक फेरबदल

पटावर चारही विहिरींना सारखेच पाणी उपलब्ध आहे; प्रत्यक्षात बेसॉल्टमध्ये भेगांची जाळी असमान असते आणि बांधाच्या एका बाजूची विहीर भरलेली तर दुसऱ्या बाजूची कोरडी, हे नित्याचे आहे. खोल बोअर काही वेळा खालच्या निराळ्या थरातले पाणी आणते, तेही येथे दाखविलेले नाही. मोठ्या मुलांसाठी एका वाटीऐवजी नळ्यांनी जोडलेल्या दोन वाट्या कल्पून, दर फेरीला त्यांच्यामधून फक्त एकच दाणा सरकू द्यावा. म्हणजे शेजारच्या उपशाचा परिणाम उशिराने पोहोचतो.

भूस्तर बदलला की वाटीचे नियम बदलावे लागतात. कोकणातील जांभ्या खडकात पाणी पुष्कळ मुरते, पण उतारावरून झऱ्यांवाटे लवकर निघूनही जाते. तेथे पावसाचे दाणे दुप्पट करून वर्षाअखेर वाटीतले निम्मे दाणे काढून टाकावेत. तापी व तिची उपनदी पूर्णा (जाफ्राबादची पूर्णा वेगळी) यांच्या गाळाच्या पट्ट्यात जलधर खोल व मोठा आहे. तेथे वाटी शंभर दाण्यांची घ्यावी, परंतु पुनर्भरण तेवढेच ठेवावे. अशा पटावर पहिली अनेक वर्षे काहीच बिघडत नाही, आणि बिघडू लागल्यावर वाटी पुन्हा भरायला डाव पुरत नाही.